झोपाळ्याची फळी आणि बॅटरीवरचा सँडर

सागवानी झोपाळा चाळीस-पन्नास वर्षं वापरात असला की त्याच्या फळीची एक ठरावीक अवस्था होते. मधोमध, जिथे माणसं बसतात, तिथलं पॉलिश उडून लाकूड फिकट पडलेलं असतं. कडेला जुन्या पॉलिशचे थर साचून काळपट झालेले असतात, कड्यांभोवती निळसर काळे डाग असतात आणि खालच्या बाजूला धूळ नि तेलाचा चिकटा. आतलं लाकूड मात्र धडधाकट असतं. वरचा अर्धा मिलिमीटर नीट काढला की खालून सोनेरी सागवान निघतं.

पूर्वी हे काम म्हणजे दोन माणसं, दोन दिवस आणि पॉलिशपेपरचा गठ्ठा. बॅटरीवरच्या सँडरने, म्हणजे पेपर लावून लाकूड घासणाऱ्या यंत्राने, ते एका माणसाचं दिवसभराचं काम झालं आहे. शिवाय फळी उतरवून अंगणात किंवा गच्चीवर, जिथे प्लग नाही अशा जागी नेता येते, म्हणजे धूळ घराबाहेर राहते. वायर नसण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. पण यंत्र हातात आलं की पहिली इच्छा होते ती जोर लावायची, आणि फळी बिघडते ती बहुतेक वेळा त्याच जोराने. सँडरला जोर नको, वेळ हवा.

यंत्र आणि बॅटरीचा हिशेब

दुकानात ‘सँडर’ म्हणून तीन-चार वेगळी यंत्रं समोर ठेवतात. पट्ट्याचा बेल्ट सँडर फार वेगाने लाकूड खातो. सराव नसलेल्या हाताने तो फळीत लाटा पाडतो. इस्त्रीसारखा टोकदार डेल्टा सँडर कोपऱ्यांसाठी चांगला, मोठ्या फळीला अपुरा. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून ‘हेही तेच काम करतं’ असं सांगणारेही भेटतात. ते ऐकू नका. ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार पूर्ण फेरे घेते आणि सागवानात पापणी लवायच्या आत खड्डा पाडते.

झोपाळ्याच्या फळीला, दाराला, टेबलाला हवा असतो १२५ मिलिमीटर, म्हणजे ५ इंची पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर. याचं पॅड दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या बारीक घिरट्या घेतं आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरत राहतं. यंत्रावर लिहिलेले सात ते बारा हजार हे आकडे त्या घिरट्यांचे. पॅडचं स्वतःभोवती फिरणं त्यापेक्षा खूप सावकाश असतं. या दोन गतींमुळे पेपरवरचा एकही कण आधीच्या वाटेने परत जात नाही, आणि म्हणूनच लाकडावर सरळ ओरखड्यांची रांग उमटत नाही. जोराने दाबलं की दुसरी गती, म्हणजे फिरणं, बंद पडते. घिरट्या चालू राहतात, आवाजही येत राहतो, पण आता यंत्र जागच्या जागी एकसारखे गोल ओरखडे काढत असतं.

हे डोळ्याने पाहायची सोपी युक्ती आहे. पॅडच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ सावकाश गोल फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी व्हावी इतकी गरगर फिरत असेल तर पॅड लाकडाला पुरतं टेकलेलंच नाही, किंवा पॅडला आवरणारी रबरी रिंग झिजली आहे. रेघ एका जागी थरथरत उभी राहिली तर तुम्ही दाबताय. यंत्राचं वजन आणि त्यावर सैल ठेवलेल्या हाताचं वजन, एवढा दाब पुरतो.

बॅटरीवरच्या यंत्रात यात एक जादा गोम असते. बॅटरी मागच्या बाजूला लटकते. मोठी ५ अँपिअर-अवरची बॅटरी लावली की यंत्र मागे झुकतं, पॅडची मागची कड लाकडात घुसते आणि फळीवर चंद्रकोरीसारखे उथळ खळगे पडतात. हाताला ते लगेच कळत नाहीत, पॉलिश चढल्यावर उजेडात दिसतात. म्हणून एक हात कायम यंत्राच्या डोक्यावर, पॅडच्या बरोबर मध्यावर हवा. उभ्या दारावर किंवा डोक्याच्या वर काम असेल तर लहान, २ अँपिअर-अवरची बॅटरी लावा. ती लवकर संपेल, पण यंत्राचा तोल राहील.

बॅटरी घेताना १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत गोंधळ होतो. आत दोन्हीकडे एकामागे एक जोडलेले पाच लिथियम सेल असतात. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ येते, पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा धरला तर २० च्या वर. ताकद तीच.

आता वेळ मोजू. ५ फूट बाय २ फूट फळी म्हणजे साधारण १५० बाय ६० सेंटिमीटर. सँडर सेकंदाला २ ते ३ सेंटिमीटर, म्हणजे इंचभर सरकवायचा. हे सुरुवातीला असह्य हळू वाटतं, पण योग्य वेग तोच आहे. या वेगाने एक पट्टा संपायला मिनिटभर लागतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, त्यामुळे ६० सेंटिमीटर रुंदीत दहा पट्टे बसतात. एका हाताला, म्हणजे सगळ्या फळीवरून एकदा फिरायला, दहा मिनिटं. जाड पेपरचे तीन हात, मधल्याचे दोन, बारीक पेपरांचा एक किंवा दोन, असं धरलं तर एका बाजूला सव्वा ते दीड तास यंत्र चालू राहतं.

१८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. पूर्ण वेगात यंत्राने १८० वॅट खेचले तर एक बॅटरी अर्धा तास टिकेल. म्हणजे फळीच्या एका बाजूला तीन चार्ज. ४ अँपिअरचा चार्जर एका बॅटरीला सव्वा-दीड तास घेतो, २ अँपिअरचा अडीच तासांहून जास्त. एकाच लहान बॅटरीवर हे काम काढलं तर दिवस चार्जिंगमध्ये जाईल, आणि बॅटरी संपत आली की माणूस घाई करतो. दोन मोठ्या बॅटऱ्या हव्यात. मधे थोडं थांबावं लागेल, पण सतत थरथरणाऱ्या यंत्राने हाताला मुंग्या येतात, त्यामुळे अर्ध्या तासाने थांबणं तसंही गरजेचं आहे.

मे महिन्यात विदर्भात किंवा तापलेल्या गच्चीवर काम असेल तर चार्जर सावलीत, घरात ठेवा. बॅटरी खूप तापलेली असेल तर चांगला चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, दिवा लुकलुकत राहतो. तो बिघडलेला नसतो, बॅटरी निवण्याची वाट पाहत असतो. तिला पाण्याने किंवा फ्रीजमध्ये थंड करू नका, पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवणं तर टाळाच.

पेपर: नंबर आणि जात

आपल्याकडे सुतार आणि पॉलिशवाले पेपरला नंबरनेच ओळखतात: ८०, १२०, १८०, २२०. नंबर वाढला की कण बारीक. नंबराआधी ‘पी’ अक्षर असेल तर तो युरोपीय मोजणीचा. त्या मोजणीत ८० चा कण सरासरी २०० मायक्रॉन, १२० चा १२५, १८० चा ८२ आणि २२० चा ६८ मायक्रॉन असतो. हे आकडे लक्षात ठेवले की पायरी का गाळायची नाही ते उमगतं. ८० वरून थेट २२० वर गेलात तर ६८ मायक्रॉनच्या कणाला २०० मायक्रॉनच्या कणाने केलेले चर घासून काढायचे असतात. तो वरवरची चकाकी आणतो, चर तसेच राहतात, आणि पॉलिशचा पहिला हात मारला की सगळे वर येतात. एका पायरीतून दुसरीत जाताना नंबर दीडपट झाला तर ठीक, फार दुपटीच्या पुढे नको.

सागवानासाठी पांढरट लेप दिलेला पेपर घ्या. तो लेप साबणासारख्या स्टिअरेटचा असतो आणि भुसा कणांच्या मधे चिकटू देत नाही. सागवान तेलकट लाकूड, शिवाय त्यात नैसर्गिक सिलिका असते. तेलाने पेपर चोंदतो आणि सिलिकेने कणांची धार मरते, त्यामुळे आंबा किंवा पाइनपेक्षा सागवानाला पेपर जास्त लागतात. फळीच्या एका बाजूला हिशेबाला ८० चे चार-पाच, १२० चे दोन-तीन आणि १८०, २२० चे दोन-दोन धरा. जुनं पॉलिश जाड असेल तर ८० चे आणखी दोन.

चोंदलेला पेपर फेकायची घाई करू नका. क्रेप रबरची वडी मिळते. यंत्र चालू ठेवून ती पेपरवर टेकवली की भुसा उचलला जातो. जुन्या चपलेचा क्रेप सोलही हे काम करतो. पण धार मेलेला पेपर मात्र टाकाच. बोट फिरवल्यावर नव्या पेपरसारखा बोचत नसेल तर तो लाकूड कापत नाही, नुसतं घासून तापवतो. मग माणूस जोर लावतो, पॅड आणखी तापतं, त्याचे वेल्क्रोचे बारीक आकडे वितळून आडवे होतात आणि पेपर निसटून उडतो. ‘वेल्क्रो खराब निघालं’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. दोन पेपरांची बचत करायला जाऊन पॅड बदलावं लागतं.

पेपर लावताना त्याची आठ भोकं पॅडच्या आठ भोकांवर नेमकी बसवा. भोकं सरकलेली असतील तर धूळ ओढली जात नाही आणि पेपराखालीच दळत राहते. कोकणात पावसाळ्यात पेपर दमटपणाने वाकतात, कडा उचलल्या जातात. झिपच्या पिशवीत, वर फळीचा तुकडा ठेवून सपाट दाबून ठेवले तर नीट राहतात.

सुरुवात करण्याआधी

पेपर बदलताना, पॅड तपासताना बॅटरी काढून बाजूला ठेवा. दर वेळी. वायरच्या यंत्राचा प्लग काढलेला समोर दिसतो. बॅटरीचं यंत्र कायम जिवंत असतं आणि त्याचं बटण सरकवून अडकणारं असतं. बॅटरी परत बसवण्याआधी बटण बंद आहे ना ते बघा, नाहीतर काही यंत्रं बॅटरी बसताक्षणी सुरू होऊन टेबलावरून उडी मारतात.

झोपाळा उतरवून कड्या, पितळी फुलं, स्क्रू काढून एका डबीत ठेवा. फळीवरून चुंबक फिरवा. मोडलेला खिळा वर आलेला असेल तर पंचने दोन-तीन मिलिमीटर आत ठोका. लोखंडावर पॅड घासलं तर पेपर तर फाटतोच, शिवाय ठिणगी उडते आणि ती यंत्राला लावलेल्या, सुक्या भुशाने भरलेल्या पिशवीत जाऊ शकते. तिथे ती तास-दोन तास धुमसत राहून नंतर पेट घेऊ शकते. त्याच कारणाने लोखंडी ग्रिल आणि लाकूड एकाच पिशवीवर कधीही घासायचं नाही.

फळी टेबलावर रबरी जाळीच्या मॅटवर ठेवा किंवा क्लॅम्पने धरा. पायाने दाबून धरणं किंवा दुसऱ्याला धरायला लावणं नको. ओढणी, पदर, गळ्यातला गमछा, सैल बाह्या आणि मोकळे केस आवरून घ्या.

पॉलिशऐवजी ऑइलपेंट असेल तर मात्र थांबा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांत, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल अशा भडक रंगांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. सँडर त्या रंगाची इतकी बारीक पूड करतो की ती घरभर बसते, आणि रांगणारं मूल ती हाताने तोंडात घालतं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम भरून येत नाही. अशा रंगावर कोरडा सँडर चालवूच नका. पेंट रिमूव्हरने मऊ करून पात्याने खरवडा, उरलेलं ओल्या वॉटरपेपरने हाताने घासा, आणि निघालेला चिखल कागदात गोळा करून बंद पिशवीत टाका. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या वेळी घरात नसलेलीच बरी.

फळीवरचं पॉलिश लाखेचं, म्हणजे जुनं स्पिरिट पॉलिश आहे का, हे एका कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा मिनिटभर ठेवून कळतं. चिकट झालं तर लाखेचं. लाख उष्णतेने मऊ पडते आणि पेपरवर काळ्या गुठळ्या होऊन बसते. म्हणून जाड थर आधी पात्याने किंवा स्पिरिटने काढा आणि मगच सँडर लावा, तोही मधल्या वेगावर. यात अर्धा तास जातो, पण सहा-सात पेपर वाचतात.

फळीवर

पॅड फळीवर सपाट टेकवा आणि मग बटण दाबा. थांबताना उलट: यंत्र चालू असतानाच सरळ वर उचला, मग बंद करा. चालतं यंत्र तिरकं टेकवलं तर पहिला घाव कडेचा बसतो. लाकडावर बंद करून तिथेच सोडलं तर थांबता थांबता पॅड एक गोल ओरखडा काढून जातं. पॅड पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नका.

फळीभर पेन्सिलीने फिकट नागमोडी रेघा ओढा. मग ८० नंबरने, लाकडाच्या शिरांच्या दिशेने, एका टोकापासून सुरुवात करा. सगळ्या रेघा गेल्या की एक हात झाला. दुसरा हात आडव्या दिशेने, तिसरा पुन्हा उभा. खरी मेहनत ८० वरच करायची आहे: पॉलिश, काळपटपणा, ओरखडे, सगळं इथेच जायला हवं. पुढचे नंबर फक्त आधीच्या नंबरचे ओरखडे काढण्यासाठी असतात. उरलेला डाग १२० वर घालवू असं ठरवलं तर तो २२० पर्यंत तुमच्या सोबत येतो.

एखादाच डाग हट्टी असला की त्याच जागी यंत्र फिरवत राहायचा मोह होतो. त्याने तिथे बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. डागाभोवती हातभर जागेतून यंत्र फिरवत या, नाहीतर डाग राहू द्या.

कड्यांभोवतीचे काळे डाग सँडरने जाणारच नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने ते बनतात आणि लाकडात खोलवर मुरलेले असतात. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. फरशी पॉलिश करणाऱ्यांकडे हीच पावडर असते. हातमोजे घालून, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा आणि फळी सावलीत पूर्ण वाळू द्या. हे १२० नंतर करा. नीट न धुता सँडर लावला तर ॲसिडचे उरलेले स्फटिक धुळीबरोबर उडतात. ते नाकाला आणि छातीला झोंबतात.

दबलेल्या जागांचंही तसंच. काही जड पडून खोक पडली असेल आणि लाकडाचे तंतू तुटले नसतील, तर खड्डा घासून सपाट करण्याआधी त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक पाच-दहा सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन-तीनदा केलं की बराचसा खड्डा भरतो. तेवढं लाकूड वाचतं.

फळीच्या कडेवर पॅडचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बाहेर जाऊ देऊ नका. निम्म्याहून जास्त बाहेर गेलं की यंत्र कलतं आणि कड गोल होते. गोल घडवलेल्या कडेला पॅड आणि पेपर यांच्या मधे बसणारी फोमची चकती लावा किंवा सरळ हाताने घासा. माझा कौल हातालाच. झोपाळ्याच्या कडेवर मांडीमागची शीर टेकते, तिथली गोलाई हातानेच नीट साधते.

हे सगळं भरीव सागवानाचं झालं. सागाच्या विनीरचा प्लायवुड असेल तर वरचं सागवान अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतं. तिथे ८० चा पेपर हातातही घेऊ नका. १८० ने सुरुवात, कमी वेग, आणि कडांना यंत्र लावायचंच नाही. विनीर फाटून खालचा थर दिसू लागला की त्याला इलाज नाही.

दर नंबरानंतर फळी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने आणि मग कोरड्या फडक्याने स्वच्छ करा. ही पायरी लोक गाळतात, आणि तिथेच डुकराच्या शेपटीसारखे पिळदार ओरखडे जन्माला येतात. ८० च्या पेपरचा सुटलेला एक कण १८० च्या पेपराखाली सापडला की तो पॅडबरोबर नाचत गोल गोल वेटोळी काढतो. साध्या उजेडात ती दिसत नाहीत. खोलीत थोडा अंधार करून टॉर्च फळीला जवळजवळ आडवी धरा, म्हणजे प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. किंवा फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा. ओल्या लाकडावर ओरखडे तसेच दिसतात जसे पॉलिशखाली दिसतील. टर्पेंटाइन पूर्ण उडून गेल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

धूळ

आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था. तिने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. धोका मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांना, आणि तो वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना जास्त. सागवान आणि शिसवीत त्याखेरीज ॲलर्जी उठवणारी द्रव्यं असतात: खाज, पुरळ, शिंका, धाप. एकदा अंगाला ती ओळख पटली की पुढे थोड्या धुळीनेही त्रास होतो. रोज हे काम करणारे आपले कितीतरी पॉलिशवाले तोंडाला नुसता रुमाल बांधून बसतात. रुमाल फक्त डोळ्यांना दिसणारा भुसा अडवतो, छातीत खोल जाणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते. कामाला माणूस बोलावलात तरी मास्क तुम्ही आणून द्या.

मास्क ‘आयएस ९४७३’ हे मानक छापलेला, एफएफपी२ दर्जाचा घ्या, किंवा एन९५. नाकावरची पट्टी दाबून बसवा, दोन्ही रबर डोक्यामागे घ्या. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, मास्क चांगला असूनही. डोळ्यांना बंद गॉगल हवा, आणि तासाभराचं काम असेल तर कानात बोळे.

यंत्राची पिशवी जाड भुसा पकडते, बारीक धूळ तिच्या कापडातून बाहेर येते. म्हणून पिशवी आहे म्हणून मास्क नको, असं होत नाही. घरात काम करायचंच असेल तर व्हॅक्यूमची नळी जोडा. नळी आणि यंत्राचं तोंड यांची मापं बहुधा जुळत नाहीत, तेव्हा अडॅप्टर आधीच आणून ठेवा. नळी जोडल्यावर वायर नसल्याचं सुख थोडं कमी होतं, पण फळी लवकर होते आणि पेपर जास्त टिकतो, कारण धूळ पेपराखाली थांबतच नाही.

पिशवी निम्मी भरली की रिकामी करा. जुन्या पॉलिशची, विशेषतः पीयूची (पॉलियुरेथेनची) पूड पिशवीत साचून राहिली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. दिवसअखेरीस पिशवी घराबाहेर, झाकणाच्या लोखंडी डब्यात रिकामी करा. शेवटी अळशीचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना स्वतःच तापतात आणि कुणी काडी न लावता पेटतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

२२० च्या पुढे

१८० नंतर फळी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसा आणि तासभर वाळू द्या. हात फिरवलात तर बारीक लव उभी राहिलेली लागेल. ती आता काढली तर पॉलिश लावल्यावर पुन्हा उठत नाही. त्यावर २२० चा एकच हलका हात, मधल्या वेगावर. मग यंत्र बाजूला ठेवा, २२० चाच पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि शिरांच्या दिशेने, टोकापासून टोकापर्यंत, आठ-दहा सरळ ओढी मारा. यंत्राने मागे ठेवलेली गोल वेटोळी यात मोडतात. फळीची दोन्ही टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे एक नंबर पुढे, ३२० पर्यंत जा. ती टोकं पॉलिश जास्त पितात आणि काळी दिसतात. बारीक घासली की कमी पितात.

सागवानाला ३२० च्या पुढे घासण्यात मला अर्थ वाटत नाही. फळी आरशासारखी गुळगुळीत झाली की सीलरला, म्हणजे पॉलिशआधी लावायच्या पहिल्या थराला, धरायला काही उरत नाही.

सीलरचा पहिला हात लावून डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. दमट हवेत लावलेलं पॉलिश पांढरं पडतं, तेव्हा शक्यतो हे काम दिवाळीनंतर काढा. दोन हातांच्या मधे ३२० चा पेपर, शक्यतो हाताने. यंत्रच वापरायचं तर सगळ्यात कमी वेग, आणि कडा सोडून. पेपराखालून कोरडी पांढरी पूड निघाली तर थर वाळला आहे, पुढचा हात लावा. पेपरवर चिकट गोळ्या जमू लागल्या तर अजून ओला आहे. पेपर खाली ठेवा आणि उद्या सकाळी बघा.